रस कळकला नव्हता

आमच्या घरात द्राक्षं येत नाहीत. जुन्नर तालुक्यात राहून, जिथं हंगामात पाहुण्याच्या पुढ्यात चहाआधी घड ठेवतात, तिथं आमच्या घरात येत नाहीत. बायको सगळ्यांना सांगते, ह्यांना खोकला होतो. पोरंही तेच सांगतात. खोकला-बिकला काही नाही मला. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासुरवाडीला मीच तो काढला, आणि तो अजून चालू आहे. खरं कारण बायकोला माहीत नाही. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलंच नाही. देवाला सांगितलंय असं मी म्हणत आलो — त्याचंही काय ते पुढं येईल. माणसाला सांगायची ही पहिलीच वेळ. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून जमतंय, की ओळखीचे वाटता म्हणून, कुणास ठाऊक.

सांगायला बसलो खरा, पण जीभ आधी दुसरीकडंच वळतेय. वळू द्या थोडी.

आळेफाट्यावरून बोरी बुद्रुकच्या अंगाला येताना ओढ्याच्या अलीकडं आमचं चर्च लागतं. वर पत्रा, आत बाकडी, एका बाजूला बाया आणि एका बाजूला बाप्ये. आम्ही ख्रिस्ती घरं थोडी. सगळे मिळून स्वतःला मंडळी म्हणतो. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. आणि त्याच्या आधी आमच्याकडं एक थांबा असतो. शास्त्रात सांगितलंय की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथं आठवलं, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. बाकीच्या ठिकाणी हे नुसतं वाचतात. आमच्या आज्या-पणज्यांनी ते शब्दाला शब्द धरलं. पाळकसाहेब पुस्तक मिटतात आणि गप्प उभे राहतात. ज्याच्या मनात काही असेल तो उठतो, त्या माणसाच्या बाकापाशी जातो आणि म्हणतो, सलाम. आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच घालतो. समोरच्यानं सलाम म्हटलं की झालं. काय होतं, कशावरून होतं, कुणी विचारत नाही.

मी त्या थांब्यात दर वेळी उठतो. बायांच्या बाजूच्या मागच्या बाकाकडं जातो आणि म्हणतो, "सलाम, सगुणाबाई." त्या मान न उचलता म्हणतात, "सलाम, भाऊ." मी परत येऊन बसतो.

मंडळीला माझं फार कौतुक आहे. ज्या बाईच्या हलगर्जीपणानं ह्याचा बाप मरता मरता वाचला, तिच्याकडं हाच पहिला जातो, म्हणतात. एका पाळकसाहेबांनी तर भर उपदेशात माझा दाखला दिला. कृपा म्हणजे काय, ती अशी असते, म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा नम्रपणा.

ती बाई निर्दोष आहे. झालं, एवढं तर बाहेर पडलं. आता मागचं सांगतो.

नव्वदनंतरची चार-दोन वर्षं गेली असतील तेव्हाची गोष्ट. सगुणाबाई तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर असतील. नवरा लवकर गेलेला, पदरात एक पोरगी, सुनीता. लग्नकार्यात स्वयंपाक करायच्या. निमगाव सावापासून बेल्ह्यापर्यंत त्यांच्या हातच्या शाकभाजीला नाव होतं, आणि ते काही आमच्याच मंडळीत नव्हे, सगळ्या जातीधर्मात. तोंड मात्र फटकळ. मंडळीच्या पंचांनाही तोंडावर सांगायच्या की अमक्याचा उपदेश लई लांबला, माझी भाकर करपली. प्रभुभोजनाची भाकर आणि रस त्याच करायच्या. हा मान त्यांना सासूकडून आला होता. पितळेचा एक टोप होता त्यासाठी, फक्त त्यासाठी. त्याला जुन्नरचे कल्हईवाले चाचा येऊन कल्हई करून जायचे. सणाच्या आधीच्या आठवड्यात चाचा चर्चच्या लिंबाखाली भाता मांडून बसायचे आणि टोप आतून चांदीसारखा करून द्यायचे.

कल्हईचं सांगायला हवं, कारण हल्ली स्टीलच्या राज्यात कुणाला ते ठाऊक नसतं. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात आंबट काही शिजवलं, की ते कळकतं. हिरवट होतं, तोंडाला विचित्र लागतं, पोटात ढवळतं. कळकलं — हा शब्द लक्षात ठेवा. सगळी नासाडी मी ह्या एका शब्दानं केली.

मी तेव्हा आळेफाट्याला खतं-औषधांच्या दुकानात होतो. शेठ मूळचे राजस्थानचे, पण मराठी आमच्याहून ठसकेबाज. माझं काम काय, तर शेतकऱ्याला डबा द्यायचा आणि त्यावरचा त्रिकोण दाखवून समजावायचं. हिरवा असेल तर काय, पिवळा असेल तर काय, आणि लाल असेल तर, "भाऊ, हे जपून. फवारल्यावर मालाला हात लावायचा न्हाई." शेठ म्हणायचे, हा पोरगा लाल त्रिकोण असा सांगतो की गिऱ्हाईक घाबरून हिरवा घेतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

म्हणजे अडाणीपणाची पळवाट मला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, रविवारी होता. दर वर्षी द्राक्षं सगुणाबाई स्वतः जाऊन तोडायच्या, पण त्या शनिवारी त्यांना एका लग्नाचा स्वयंपाक होता. दादा मला म्हणाले, "तू जा. तात्यांच्या बागेतून घेऊन ये आणि सगुणेला पोचव." माझे वडील मंडळीचेही वडील होते, आमच्यात पंचांमधल्या थोर माणसाला वडील म्हणतात. घरात दादा, चर्चमध्ये वडील. दोन्हीकडं त्यांचा शब्द खाली पडत नसे, कारण तो माणूस कधी खोटं बोललाच नाही. हे मी मुलगा म्हणून म्हणत नाही, त्यांच्याशी भांडणारेही म्हणत.

तात्या म्हणजे निमगाव सावाचे बागायतदार, आमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक. माल उशिराचा होता त्यांचा. मी गाडी रस्त्याला लावली तेव्हा ते बांधावर उभे होते. म्हणाले, "हिरीच्या अंगाच्या ओळीतली घे रं. रस्त्याकडच्यान्ला सकाळच्यालाच औषाद मारलंय. तिकडं हात नको लावू." आणि जेवायला घरी गेले.

मी ऐकलं. नीट ऐकलं. हे ठासून सांगतो, कारण पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला पटवत होतो की ऐकू आलं नव्हतं, वारा होता, पंप चालू होता. वारा नव्हता. पंपही नव्हता.

विहीर बागेच्या पार पलीकडं. मधे पाणी सोडलेलं, चिखल झालेला. आणि त्या दिवशी भारताची मॅच होती — आळेफाट्याच्या हॉटेलात रंगीत टीव्ही लावला होता, पोरं जागा धरून बसली होती. मी रस्त्याकडच्या ओळीतच पाटी भरली. घड मोठे होते, टपोरे. हाताला जो वास आला तो मला चांगला माहीत होता. तो डबा तात्यांना मीच विकला होता, लाल त्रिकोणाचा. तरीही मनाशी म्हणालो, धुतात, उकळतात, काय राहतंय त्यात? आणि निघालो.

मॅच जिंकली की हरली, मला आज आठवत नाही.

सगुणाबाईंनी पाटी घेतली आणि नाक मुरडलं. "भाऊ, वास कसला येतोय हो ह्याला?" मी म्हणालो, "माझ्या हाताला येतोय. दुकानात दिवसभर तेच असतं." त्या हसल्या. "मंग सणाला तरी आंघोळ करून या म्हनावं." आणि लग्नघरून दमून आलेली ती बाई चुलीपुढं बसली. टोप मी पाहिला. आत लखलखत होता.

रविवारी थांबा झाला, सलाम झाले, भाकर झाली. मग प्याले फिरले. लहान लहान काचेचे प्याले असतात आमच्याकडं. पोरांनी तोंडं वाकडी केली. आणि आमच्याकडं अशी रीत होती की उरलेला रस सांडायचा नाही, तो वडिलांनीच संपवायचा. दादांनी भांडं उचललं आणि शांतपणे पिऊन टाकलं. मी पहिल्या बाकावर होतो.

शेवटचं गीत संपायच्या आत बाया बाहेर धावल्या. एकेक करून उलट्या सुरू झाल्या. सगुणाबाईही लिंबाला धरून ओकत होत्या — हे नंतर कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बाकीचे दुपारपर्यंत सावरले. दादा नाही सावरले. घामानं सदरा भिजला, तोंडातून लाळ यायला लागली, जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं तेव्हा ते मला ओळखत नव्हते. मला काहीच झालं नव्हतं. लोक म्हणाले, बापाच्या सेवेसाठी देवानं ह्याला राखलं.

डॉक्टरांनी दादांची बुबुळं बॅटरीनं पाहिली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "फवाऱ्याचं औषध-बिऔषध काही पोटात गेलंय का?" मी म्हणालो, नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा विचारलं. "आठवून सांगा."

दार उघडं होतं हो. एक शब्द बोलायचा होता. माझा बाप समोर पडला होता, आणि मला भीती कशाची वाटत होती सांगू? तो बरा झाल्यावर काय म्हणेल, ह्याची.

मी म्हणालो, "पितळेच्या टोपात केला होता डॉक्टर. रस कळकला असेल."

बाहेर व्हरांड्यात मंडळी उभी होती. दार उघडंच होतं. डॉक्टरांचा प्रश्न विरून गेला, माझा शब्द त्यांनी उचलला आणि माझ्याआधी गावात पोचवला. कळकला, कळकला. संध्याकाळपर्यंत जो तो सांगू लागला की त्याला पहिल्या घोटालाच कळकलेली चव आली होती. डॉक्टर हुशार होते, त्यांनी स्वतःच्या अंदाजानं इलाज बदलला, दादा वाचले. पण उशीर झाला होता. उजवा हात पुढं कायम थरथरत राहिला. प्याला धरता यायचा नाही त्यांना.

तिकडं सगुणाबाईंनी काय केलं? लोक काय बोलतात ते कानावर आलं आणि त्या घाबरल्या. घाबरलेली बाई काय करते — घासते. राखेनं, वाळूनं, काथ्यानं तो टोप त्यांनी घासघास घासला. पंच बघायला गेले तेव्हा तळाची ताजी कल्हई खरवडून पिवळं पितळ दिसत होतं. एवढा पुरावा पुरला.

पंचांची बैठक चर्चमध्येच झाली. मधे टेबलावर टोप. सगुणाबाई म्हणाल्या, "कल्हई सणाच्या आधीच्या हप्त्यातली हाय. मी मागनं घासलंय म्हनून गेली." एकजण म्हणाला, मग घासलं कशाला? दादा काठी धरून बसले होते. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, चूक कुनाचीबी व्हती. कबूल कर. शास्त्र सांगतं, जो कबूल करतो त्याला क्षमा हाय." त्या म्हणाल्या, "केलीच न्हाई ती चूक कशी कबूल करू, वडील?"

त्यांना शिस्तीखाली ठेवलं. आमच्यात शिस्तीखाली म्हणजे चर्चला यायचं, पण मागच्या बाकावर बसायचं. भाकर आणि प्याला आला की पुढच्याच्या हातात द्यायचा, स्वतः घ्यायचा नाही. कबूल करेपर्यंत. ते ठरलं तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर — सुटलो.

दोन दिवसांनी कल्हईवाले चाचा दुकानात आले. पायरीवर बसले, पाणी प्याले. म्हणाले, "भाऊ, तो टोप मी केलाय. माझी कल्हई अशी उडत न्हाई. तुमच्या पंचांना मी सांगतो, मला घेऊन चला." म्हातारा माणूस, जुन्नरहून आळेफाट्यापर्यंत सायकल दामटत आला होता, दुसऱ्या धर्माच्या बाईसाठी साक्ष द्यायला. मी त्यांना म्हणालो, "चाचा, हा आमच्या मंडळीतला मामला आहे. तुम्ही मधे पडू नका, उगा हिंदू-मुसलमान-ख्रिश्चन व्हायचं." असं काही होणार नव्हतं. ते पायरीवरून उठून गेले. पुन्हा आमच्या लिंबाखाली ते बसले नाहीत.

सगुणाबाईंचा स्वयंपाक बंद पडला. जिच्या हातचं खाऊन अख्खी मंडळी ओकली तिला कोण लग्नाला बोलावणार? त्या बागांमध्ये मजुरीला जाऊ लागल्या, घड विरळायला, काड्या बांधायला. कुणाच्या बागेत? तात्यांच्याच.

आता देवाचं सांगतो. पहिल्याच आठवड्यात मी गुडघे टेकून त्याला सगळं सांगितलं. रडलो. आणि खरं सांगतो, उठलो तेव्हा हलकं वाटलं. कृपा फुकट आहे असं लहानपणापासून ऐकलेलं, ती मी फुकटात उचलली. देवानं मला माफ केलं असं मी धरून चाललो, आणि का करू नये त्यानं? मागच्या बाकावर तो बसत नव्हता. बसत होत्या सगुणाबाई. ज्याचं काही गेलं नाही त्याच्याकडून मी माफी घेऊन आलो होतो आणि जिचं सगळं गेलं तिला नुसता सलाम घालत होतो.

शास्त्रातल्या उधळ्या पोराची गोष्ट मी रविवारच्या शाळेत कितीदा शिकवली. बाप धावत येतो, मिठी मारतो, मेजवानी देतो. पोरांना ती फार आवडते. झाडावर चढलेल्या त्या बुटक्या जकातदाराची गोष्ट मात्र मी घाईत उरकायचो. कारण तो झाडावरून उतरतो आणि पहिल्याच तोंडाला म्हणतो, ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत देतो. येशूनं त्याला तसं सांगितलेलंही नसतं. येशू फक्त त्याच्या घरी जेवायला जातो, आणि ह्याला घास गिळण्याआधी माणसं आठवतात. ती कृपा आणि माझी कृपा एकच कशी असेल?

एकदा पाहुणे उपदेशक आले होते. ते म्हणाले, आपल्या मराठीत पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, पण शास्त्राच्या मूळ शब्दात माणूस वळतो, आलेल्या वाटेनं उलटा चालायला लागतो. मी मागच्या बाकाकडं वळून पाहिलं नाही. ताप तर मला होताच, वर्षानुवर्षं होता, आणि त्या तापालाच मी पुण्य समजत होतो. चालायला कुठं लागलो?

दादा गेले त्या उन्हाळ्यात मी त्यांचे पाय चेपत होतो. दुपार होती, घरात दोघंच. म्हणाले, "सगुणेचं मनाला लागून राहिलंय. तिनं कबूल केलं असतं तर मी सोताच्या हातानं तिला भाकर दिली असती. लई हट्टी बाई." मी पाय चेपत राहिलो. सांगितलं असतं तर? आयुष्यभर न्यायानं वागलेल्या माणसाला कळलं असतं की त्यानं आपल्या हातानं एका निरपराध बाईला शिक्षा दिली. मी तेव्हा स्वतःशी म्हणालो, त्यांना हे दुःख नको. बघा, खोटेपणाला दयेचं नाव द्यायला मला एक क्षणही लागला नाही. त्यांच्या जागी मंडळीनं मला वडील केलं.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, चांगल्या मनाचे. तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. सुनीताचं लग्न ठरलं होतं आणि मुलाकडच्यांची अट होती, लग्न चर्चमध्येच व्हावं. पंच म्हणाले, आई शिस्तीखाली असताना कसं? पाळकसाहेब म्हणाले, कृपेचा देव आहे आपला, बाईंनी एक शब्द म्हणावा, मंडळी मिठी मारायला तयार आहे. सगळ्यांचे डोळे पाणावले. मीही म्हणालो, हो, व्हायला हवं. मी म्हणालो.

त्या रविवारी सगुणाबाईंना पुढं उभं केलं. केस पांढरे झाले होते. पदर डोक्यावर घेऊन त्या मंडळीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, आणि जे इतक्या वर्षांत दादांच्या पुढं म्हणाल्या नव्हत्या ते म्हणाल्या. "भांड्याला कल्हई नव्हती. रस कळकला व्हता. माझी चूक झाली." आवाज कुठंही हलला नाही. सुनीता दुसऱ्या बाकावर रडत होती. लोकांनी देवाची स्तुती केली. कित्येकांनी माझी पाठ थोपटली.

बाईकडून जे वदवून घ्यायला दादांचं सारं वजन पुरलं नव्हतं, त्याला पोरीचं लग्न पुरलं. आणि मंडळीनं तिला क्षमा केली. कशाची?

वडील म्हणून प्याला मलाच द्यायचा होता. बाटलीतला रस आणायला लागून आम्हाला तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि हे सगुणाबाईंना माहीत होतं. मी प्याला पुढं केला. त्यांनी तो घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि मलाच ऐकू येईल अशा आवाजात विचारलं —

"कुठल्या ओळीतली द्राक्षं हायेत, भाऊ?"

माझ्या उत्तरासाठी थोडं थांबून त्यांनी प्याला तोंडाला लावला आणि पूर्ण संपवला, आणि जाऊन बसल्या. आता कुठंही बसायची मोकळीक होती त्यांना. त्या मागच्याच बाकावर गेल्या.

कधी कळलं त्यांना? तात्यांच्या बागेत काम करताना केव्हा तरी, दुसरं काय. किती वर्षं माहीत होतं? मग बोलल्या का नाहीत? दादांसाठी, मंडळीसाठी, की मी स्वतः उठावं म्हणून वाट बघत होत्या — मला माहीत नाही. दर महिन्याला मी त्यांच्याकडं जाऊन सलाम म्हणायचो तेव्हा त्यांना माहीत होतं, आणि त्या सलाम म्हणायच्या. ह्यालाही आता काही वर्षं झाली. मी अजून जातो, अजून म्हणतो.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. थांब्यात मी त्यांच्या बाकाकडं जाणार नाही. जिथं त्यांना उभं केलं होतं तिथं उभा राहीन, आणि त्यांनी खोटं जसं सरळ सांगितलं तसं मी खरं सांगेन. क्षमा मागणार नाही. मागितली तर त्यांना द्यावी लागेल, भर मंडळीत, सगळ्यांचे पाणावलेले डोळे बघत. एकदा त्यांच्याकडून हवं ते म्हणवून घेतलंय आम्ही. मला मागच्या बाकावर बसवायचं की चर्चबाहेर, ते मंडळी ठरवेल.

पण एक गोष्ट राहिली. ती सगुणाबाईंनाही माहीत नसावी, तात्यांनाही नाही. मघाशी मी सांगितलं की मला काहीच झालं नव्हतं, देवानं राखलं असं लोक म्हणाले. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. त्या रविवारी प्याला हातात आला तेव्हा तो वास आला मला. मी ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मग पहिल्या बाकावर बसून दादांना भांडं उचलताना पाहिलं.

रस कळकला नव्हता. भांड्याला कल्हई होती. द्राक्षं मी आणली होती, आणि मी तो रस प्यालो नव्हतो.